काचेला चिकटलेले छायाचित्र: खडकवासल्याच्या होड्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

नारायण पेठेतील एका जुन्या वाड्याचा पुनर्विकास ठरला आणि खोल्या रिकाम्या करताना माळ्यावरच्या भांड्यांमागे एक सागवानी चौकट सापडली. चौकटीत एका तलावावरील वल्ह्यांच्या तीन होड्यांचे, साधारण पाऊण फूट रुंदीचे छायाचित्र होते. पुढच्या होडीत सोला हॅट घातलेला एक साहेब आणि त्याच्याशेजारी मिटलेली छत्री, मधल्या होडीत चार वल्हेकरी आणि त्यांच्याकडे तोंड करून मागच्या टोकाला, सुकाणूच्या दोऱ्या हातात धरून बसलेला पगडीवाला मध्यमवयीन गृहस्थ, तिसरी होडी रिकामी व काठाला लागलेली. मागे दगडी बांधाची लांब सरळ रेघ आणि उजव्या कडेला बुटक्या टेकडीचा उतार दिसत होता.

कुटुंबात या चित्राविषयी शंका नव्हती. पगडीवाले गृहस्थ म्हणजे पाटबंधारे खात्यात कारकून असलेले पणजोबा आणि तलाव म्हणजे खडकवासला, हे घरातील प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेले होते. घराण्याच्या कुलवृत्तांताची सुधारित आवृत्ती त्याच सुमारास निघणार होती आणि थोरल्या बंधूंनी हे चित्र ‘पणजोबा खडकवासल्याच्या तलावावर, सुमारे १८९०’ अशा ओळीसह देण्याचे संपादक मंडळाला कळवूनही टाकले होते. चित्राची ‘चांगली प्रत’ काढून देण्यासाठी धाकटे बंधू माझ्याकडे आले, तेव्हा प्रकरण एवढेच होते. जुने कागद व छायाचित्रे यांच्या जतनाचे काम मी पुण्यात करतो. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून येथे नाती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

अडचण

चौकट उजेडात तिरकी धरताच पहिली अडचण दिसली. चित्राच्या वरच्या भागात काच आणि कागद यांच्यामध्ये नेहमीची बारीक फट होती. खालच्या डाव्या भागात मात्र तळहाताएवढा पट्टा गडद, ओलसर आणि चकचकीत दिसत होता. छायाचित्राचा पृष्ठभाग काचेला चिकटल्याची ही खूण आहे. या काळातील बहुतेक छायाचित्रांवर जिलेटिनचा थर असतो, त्या थरातच चांदीच्या कणांनी चित्र उमटलेले असते, आणि पाणी लागले की जिलेटिन फुगून मऊ होते. ते काचेला टेकलेल्या अवस्थेत वाळले, तर ओला पापड ताटाला चिकटून वाळावा तसे होऊन बसते. ओढले की चित्र काचेवर राहते आणि कागद हातात येतो.

पाणी कुठून आले, हे घरातच कळले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. तेव्हा ही चौकट तळमजल्याच्या माजघरात टांगलेली होती. पूर ओसरल्यावर चिखल पुसून ती काचेसकट गच्चीवर उन्हात ठेवली गेली. त्या दिवसांत घरात काय काय वाचवायचे होते हे लक्षात घेतले, तर चौकट टाकून दिली नाही हेच विशेष.

दुसरी अडचण अलीकडची होती. एका पुतण्याने मोबाईलवर चौकटीचा फोटो काढून तो एका ॲपमधून ‘दुरुस्त’ करून घेतला होता. त्यात पाणी निळे झाले, पगडी लाल झाली, आणि मूळ चित्रात डागाखाली जवळजवळ पुसलेला सुकाणूवरच्या गृहस्थांचा चेहरा नाकीडोळी नीटस असा नव्याने तयार झाला. ते चित्र कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले आणि थोरल्या बंधूंना त्या चेहऱ्यात आपल्या वडिलांची ठेवण दिसू लागली.

तिसरी अडचण वेळेची होती. कुलवृत्तांताचा मजकूर छापखान्यात जाण्यास थोडेच आठवडे उरले होते, आणि कुलवृत्तांतात एकदा छापून आलेली गोष्ट पुढच्या पिढ्या पुरावा म्हणून धरतात. भिंतीवरच्या चौकटीखालची चूक घरापुरती राहते; या ग्रंथातली चूक चुलत घराण्यांच्या वंशावळीपर्यंत जाते.

समोर असलेले पर्याय

काचेच्या बाबतीत तीन वाटा होत्या. पहिली, पेठेतीलच एका स्टुडिओने सुचवलेली: कोमट पाण्यात बुडवून चित्र सोडवायचे, वाळवायचे आणि मग स्कॅन करायचे. खर्च कमी, काम लगेच. दुसरी, एखाद्या प्रशिक्षित छायाचित्र-संवर्धकाकडे मूळ वस्तू पाठवून चिकटलेला भाग सोडवण्याचा प्रयत्न करायचा. तिसरी, चित्र काचेवरच राहू द्यायचे, काचेतूनच उत्तम प्रत काढायची आणि पुढची झीज थांबेल अशी बांधणी करायची.

ओळीच्या बाबतीत थोरल्या बंधूंना ठरलेला मजकूर बदलण्याचे कारण दिसत नव्हते. धाकट्या बंधूंचे म्हणणे, नाव न देता नुसते ‘तलावातील होड्या’ म्हणावे. मला दोन्ही टोके पटत नव्हती. पहिल्यात पडताळा न केलेली गोष्ट खात्रीने सांगितली जात होती, आणि दुसऱ्यात घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली माहिती कायमची पुसली जाणार होती.

पहिला निर्णय: काचेला हात लावायचा नाही

स्टुडिओची सूचना फेटाळणे सोपे होते. जिलेटिनचा थर पाण्याने मऊ होतो म्हणूनच तो एकदा चिकटला; त्याच उपायाने तो सुटताना कागदापासून अलग होण्याची शक्यता तितकीच असते. शिवाय चित्र जाड पुठ्ठ्यावर डकवलेले होते, पुठ्ठ्याच्या मागे शिसपेन्सिलीने काही लिहिलेले होते, आणि भिजल्यावर पुठ्ठा व कागद वेगवेगळ्या प्रमाणात फुगून चित्राला भेगा पडल्या असत्या.

दुसऱ्या पर्यायावर अधिक विचार झाला, कारण तो चुकीचा नव्हता. जाणता संवर्धक असे काम करू शकतो. परंतु चिकटलेला भाग मोठा असेल तर तोही आधी प्रत काढायलाच सांगतो, आणि यशाची हमी देत नाही. येथे चिकटलेल्या पट्ट्यात काठचे पाणी आणि रिकाम्या होडीचे टोक एवढेच होते. ज्या माणसावरून सगळी चर्चा चालली होती तो मोकळ्या भागात होता. म्हणजे सोडवण्यात धोका पुष्कळ आणि हाती लागणार थोडे. काच शाबूत होती, चित्र तिच्यावर स्थिर होते. तिसरा पर्याय ठरला.

चौकटीची मागची बाजू मात्र उघडावी लागली. गंजलेले खिळे ओढून न काढता कापले, देवदाराची फळी उचलली, आणि तिच्याखालचा कसरीने खाल्लेला वर्तमानपत्राचा कागद जपून वेगळा ठेवला. काच, चित्र आणि पुठ्ठा हे तिन्ही एकत्रच पालथे ठेवून तपासले. पेन्सिलीचा मजकूर मोडीत होता. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी त्यातले ‘तलाव’ आणि ‘रविवार’ हे दोन शब्द निश्चितपणे लावले. पुढचा शब्द पुराच्या पाण्याच्या तपकिरी रेषेखाली गेला होता. साल कुठेच नव्हते.

प्रत काढताना काचेवरील प्रतिबिंबांचा प्रश्न असतो. दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांत दिवे, दिव्यांवर ध्रुवण करणारी फिल्म, भिंगावर त्याच जातीचे फिल्टर आणि कॅमेऱ्याभोवती काळे कापड, एवढ्यावर ते जवळजवळ नाहीसे होते. नंतर एकाच बाजूने तिरका प्रकाश टाकून दुसरी प्रत घेतली, म्हणजे चित्राचा थर कुठे उचलला आहे त्याची नोंद राहिली. मूळ फाईलमध्ये एकही डाग पुसला नाही. छपाईसाठी वेगळी प्रत केली आणि तिच्यातही फक्त उजळपणा बदलला.

दुसरा निर्णय: तलाव कोणता, साल कोणते

कागद काय सांगतो ते आधी पाहिले. भिंगाखाली मोकळ्या भागात कागदाचे तंतू दिसत नव्हते आणि कडांना निळसर चंदेरी झाक आली होती. एकोणिसाव्या शतकात दीर्घकाळ चाललेल्या, अंड्याच्या पांढऱ्यापासून केलेल्या अल्ब्युमिन कागदावर तंतू बहुधा दिसतात. ते जिलेटिनच्या कागदात दिसत नाहीत, कारण मध्ये बॅरिटाचा, म्हणजे बेरियम सल्फेटच्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो. म्हणजे ही प्रत जिलेटिनची होती आणि १८९० च्या आसपासची किंवा त्यानंतरची असावी. यातून प्रतीचा काळ समजतो, चित्र टिपल्याचा नव्हे. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून वीस वर्षांनीही प्रत निघू शकते, ही गोष्ट कुटुंबाला पुन्हा पुन्हा सांगावी लागली.

जागेची तुलना करण्यापूर्वी चित्र उलटे छापलेले नाही ना, हे पाहणे आवश्यक होते, कारण काचेची निगेटिव्ह चुकीच्या बाजूने ठेवली तर डावे-उजवे बदलते. साहेबाच्या कोटाने ते ठरवले. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, आणि चित्रात ती तशीच होती.

खडकवासल्याचे धरण १८६९ च्या सुमारास सुरू होऊन साधारण दहा वर्षांनी पूर्ण झाले, आणि कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्या जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. शहरापासून दूर, मोकळ्या माळावरचे ते विस्तीर्ण पाणी साहेब लोकांच्या सहलीचे ठिकाण असणे स्वाभाविक होते. परंतु दगडी बांध आणि मागे टेकडी एवढ्यावरून खडकवासला म्हणावे, तर पुण्याच्या आसपास तसे आणखी तलाव आहेत. आजच्या धरणावर उभे राहून तुलना करण्यातही फारसा अर्थ नव्हता. १९६१ नंतर धरण पुन्हा बांधले गेले, दरवाजे नवे आहेत आणि टेकडीच्या उतारावर आता घरे आहेत.

निर्णायक वाटावा असा तपशील मोठ्या पडद्यावर दिसला. बांधाच्या रेघेच्या एका टोकाला, जिथे ती किंचित खाली उतरते, तिथे सारख्या अंतराने उभे असलेले काळपट चौकोन होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांना ते दाखवले. त्यांच्या मते ती सांडव्याची जागा होती आणि चौकोन म्हणजे सांडव्यावरचे दरवाजे असावेत. ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना तयार केलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर बसवले गेले. धरणाची उंची न वाढवता साठा वाढवणे हा त्यांचा उद्देश होता. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. चित्रातले चौकोन हेच दरवाजे असतील, तर तलाव खडकवासला असण्याला बळ मिळते आणि त्याच वेळी चित्र १९०३ नंतरचे ठरते.

येथे कुटुंबाची गोष्ट अडली. कुलवृत्तांताच्या आधीच्या आवृत्तीत पणजोबांचे निधन शके १८१९ मध्ये प्लेगने झाल्याचे छापलेले आहे. शके १८१९ म्हणजे १८९७-९८. चौकोन आणि पणजोबा एकाच चित्रात असणे शक्य नव्हते.

अभियंत्यांनी मात्र स्वतःच एक खबरदारी सांगितली. दरवाजे नसलेल्या सांडव्यांवरही पावसाळ्याच्या अखेरीस तात्पुरत्या फळ्या उभ्या करून पाणी थोडे वर धरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती, आणि एवढ्या अंतरावरून फळ्या व दरवाजे यांतला फरक छातीठोकपणे सांगता येणार नाही. तज्ज्ञाने आपल्याच निष्कर्षाला मर्यादा घातली की काम करणाऱ्याला बरे वाटते, घरच्यांना वाटतेच असे नाही. थोरल्या बंधूंनी ‘म्हणजे पणजोबा असू शकतात’ असा अर्थ लगेच काढला.

तिसरा निर्णय: आत्यांना काय आणि कसे विचारायचे

आता उरला होता घरचा साक्षीपुरावा, आणि तो ऐंशी ओलांडलेल्या आत्यांकडे होता. दरवाज्यांची गोष्ट त्यांच्या कानावर घालून मग विचारायचे, की काहीही न सांगता आधी त्यांचे ऐकायचे? दुसरा मार्ग घेतला. आधी सांगितले असते तर त्यांनी एकतर आठवण आवरती घेतली असती, नाहीतर ती सिद्ध करण्याच्या भरात वाढवली असती. रंगवलेले चित्र त्यांना दाखवायचे नाही असेही ठरवले होते. पण ते व्हॉट्सॲपवरून त्यांच्यापर्यंत आधीच पोचले होते.

‘हे कोण?’ यावर उत्तर तत्काळ आले: ‘आमचे आजोबा.’ त्यानंतरचा ‘तुम्हाला हे कोणी सांगितलं?’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरला. घरात सर्वांची समजूत अशी होती की आत्यांच्या वडिलांनी, म्हणजे पणजोबांच्या मुलानेच, त्यांना हे सांगितले. आत्या थोडे थांबून म्हणाल्या, ‘नाना गेले तेव्हा मी परकरातली पोर हो. मला सांगितलं ते दादानं. पुराच्या आदल्या वर्षी चौकट पुसायला काढली होती ना, तेव्हा.’ दादा म्हणजे या दोघा बंधूंचे वडील. त्यांचा जन्म पणजोबांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला. म्हणजे ज्याने माणूस पाहिलेला आहे अशा कोणाचीही साक्ष आपल्यापर्यंत थेट आलेली नव्हती.

धाकट्या बंधूंनी येथे एक शक्यता मांडली: नानाही त्याच खात्यात होते, मग सुकाणूवर नानाच नसतील कशावरून? चित्र १९०३ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले धरले, तर नाना विशीच्या आतबाहेर असणार आणि चित्रातील गृहस्थ मध्यमवयीन आहेत. अंग भरलेले, पगडीखालची कानशिले पांढुरकी. चित्र त्याहून बरेच अलीकडचे असेल तर वय जुळू शकते. पण तसे मानायला वेगळा पुरावा हवा होता आणि तो नव्हता. एका नावाच्या जागी दुसरे नाव बसवण्याचा मोह अशा कामात फार होतो, कारण रिकामी जागा कुणालाच आवडत नाही. ही शक्यता नोंदीत लिहिली, चित्राखालच्या ओळीत घेतली नाही.

निष्पत्ती

ओळीचा मसुदा दोन्ही बंधूंसमोर बसून केला. छापली गेलेली ओळ अशी: ‘तलावावरील होड्या, स्थळ बहुधा खडकवासला. मागे दिसणारे सांडव्यावरील दरवाजे असल्यास काळ १९०३ नंतरचा. सुकाणूवरील गृहस्थ हे आपले पणजोबा असल्याचे घराण्यात सांगितले जाते. त्यास लेखी आधार मिळालेला नाही.’ संपादक मंडळाला ती फार लांब वाटली आणि त्यांनी शेवटचे वाक्य गाळण्याचे सुचवले. तेव्हा थोरल्या बंधूंनीच आग्रह धरला, की गाळायचे असेल तर चित्रही गाळा. त्यांचे मत पालटले ते दरवाज्यांमुळे नव्हे. आत्यांचे बोलणे स्वतःच्या कानांनी ऐकल्यामुळे. वाक्य राहिले.

आत्यांना छापील पान दाखवल्यावर त्या नाराज झाल्या. ‘एवढं वकिली कशाला लिहायचं?’ असे त्यांनी विचारले आणि पुस्तक मिटून ठेवले. त्यांची नाराजी दूर झाली असे म्हणता येणार नाही.

मूळ चित्र काचेसह नव्या बांधणीत गेले. पुठ्ठ्यामागे आम्लरहित बोर्ड, कडेने त्याच बोर्डाच्या पट्ट्या, आणि सगळे घट्ट बसणाऱ्या पेटीत आडवे, काच खालच्या बाजूस, म्हणजे थर सुटलाच तर तो काचेवर टेकलेला राहील. पेटी लाकडी कपाटात न ठेवता स्टीलच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवली. पुण्याच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणा महिनोन्‌महिने चढा राहतो, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक दिला. काटा पन्नास टक्क्यांच्या खाली राहावा एवढीच अपेक्षा आहे. सागवानी चौकटीत आता छापील प्रत आहे. नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात लावण्यासाठी बिल्डरने मोठी प्रत मागितली होती. ती न रंगवता आणि कोणाचेही नाव न घालता देण्यात आली.

रंगवलेले चित्र मात्र परत घेता आले नाही. गटावर खुलासा टाकला, तो थोड्यांनी वाचला. नंतर एका नातेवाइकाच्या घरी तोच तयार केलेला चेहरा कापून, हार घालून लावलेला धाकट्या बंधूंनी पाहिला.

पुन्हा असे प्रकरण आले तर

क्रम बदलावा लागेल. चौकट सापडल्याबरोबर, कोणतीही प्रत काढण्यापूर्वी, घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्यात ‘हे कोण’ याच्याइतकेच ‘हे कोणाकडून कळले’ हे विचारावे. येथे आत्यांची भेट रंगीत चित्र फिरल्यानंतर झाली. त्या चेहऱ्याचा त्यांच्या उत्तरावर काही परिणाम झाला की नाही, हे आता तपासता येणार नाही.

संपादक मंडळाशी बोलणे थोरल्या बंधूंमार्फत झाले, ते थेट आणि लवकर व्हायला हवे होते. ‘सांगितले जाते’ आणि ‘आढळते’ या दोन प्रकारच्या नोंदी कुलवृत्तांतात वेगळ्या छापण्याची सोय मंडळाने सुरुवातीलाच केली असती, तर एका चित्राखालच्या ओळीवर एवढा वेळ गेला नसता.

संवर्धकाचा पर्याय बंद झालेला नाही. पाण्याच्या रेषेखाली गेलेला मोडीतील शब्द अवरक्त प्रकाशातील छायाचित्रणाने वाचता येण्याची शक्यता आहे, कारण शिसपेन्सिलीतील ग्राफाइट अशा प्रकाशात गडद उठून दिसते आणि पुराचा तपकिरी डाग बराचसा फिका पडतो. त्यासाठी काच काढावी लागत नाही; पेटी उघडून पुठ्ठ्याची मागची बाजू मोकळी केली की पुरे. धाकट्या बंधूंनी ते दिवाळीनंतर करायचे ठरवले आहे, पावसाळ्यात पेटी उघडायची नाही या अटीवर.